पृथ्वीचा आकार आणि विश्वासाचा प्रश्न

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• पृथ्वी गोल असल्याचे पुरावे आपल्या गावातील निरीक्षणांच्या आधारे मांडता येतील;
• पृथ्वीच्या आकाराविषयी महाराष्ट्रातील पंडितांमध्ये झालेल्या वादाचे स्वरूप सांगता येईल;
• विज्ञानाविषयी लोकांच्या मनात अविश्वास का निर्माण होतो, याची कारणे स्पष्ट करता येतील;
• शंका आणि अविश्वास यांतील फरक उदाहरणांसह विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वैचारिक गद्याचा अभ्यास करताना आपण लेखकाचे मत, त्यामागील कारणे आणि प्रतिपक्षाला दिलेले उत्तर यांचा क्रमाने विचार करतो. त्या विचाराच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो : एखाद्या विधानावर विश्वास का ठेवावा? हा प्रश्न या घटकात आपण पृथ्वीच्या आकाराच्या निमित्ताने अभ्यासणार आहोत. पृथ्वी गोल आहे, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. तरीही पृथ्वी सपाट असल्याचे सांगणाऱ्या चित्रफिती आज मोबाइलवर फिरतात, त्या पाहणाऱ्यांत चांगली शिकलेली माणसेही असतात. 'शाळेत शिकवले म्हणून खरे मानायचे का?' असा प्रश्न त्या विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केवळ पुस्तकात छापले आहे एवढेच कारण आपल्याजवळ असेल, तर आपला विश्वासही उसनाच ठरतो.

तुमच्यापैकी अनेकजण संसार, शेती, नोकरी सांभाळून शिकत आहात. घरात आणि गल्लीत 'तुम्ही शिकता, तुम्हीच सांगा खरे काय ते' असे तुम्हालाच विचारले जाते. लस टोचून घ्यावी का, जमीन हादरली तर घराबाहेर झोपावे का, पेरणी आज करावी की थांबावे, हे त्यातले प्रश्न. पृथ्वीच्या आकारावर रोजचे जगणे अडत नाही. या प्रश्नांवर मात्र अडते. म्हणून शांतपणे तपासता येण्यासारख्या प्रश्नावर विचाराची पद्धत घडवावी आणि नंतर ती कठीण प्रश्नांना लावावी, असा या घटकाचा हेतू आहे.

निरीक्षणाचे ठिकाण म्हणून आपण हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे गाव घेऊ. ते उत्तर अक्षांश सुमारे १९.४ आणि पूर्व रेखांश सुमारे ७७ येथे आहे. तुमचे गाव दूरचे असल्यास तेथील अक्षांश-रेखांश घेऊन हीच आकडेमोड करावी.

२. जवळा बाजार येथून होणारी निरीक्षणे

२.१ सूर्योदयाची वेळ

भिंतीवरील दिनदर्शिकेत बहुधा मुंबईच्या सूर्योदयाची वेळ छापलेली असते. जवळा बाजारला त्याच दिवशी सूर्य सुमारे पंधरा-सोळा मिनिटे आधी उगवतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश जवळजवळ सारखे आहेत. रेखांशांत मात्र सुमारे चार अंशांचा फरक आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. चार अंशांना सोळा मिनिटे, हा हिशेब निरीक्षणाशी जुळतो. पंचांगकर्ते स्थानिक वेळेसाठी जो रेखांतर संस्कार करतात तो हाच. पंचांगाचे गणित गोल पृथ्वीवरच उभे आहे, ही गोष्ट परंपरेचा आदर करणाऱ्या वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावी.

२.२ ध्रुव आणि अगस्त्य

जवळा बाजारहून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १९ अंश उंचीवर दिसतो. दिल्लीत तो सुमारे २८ अंशांवर, तर कन्याकुमारीला केवळ ८ अंशांवर असतो. दक्षिणेकडील अगस्त्य ताऱ्याचे याच्या उलट आहे. जवळा बाजारला तो जास्तीत जास्त १८ अंशांपर्यंत वर येतो, कन्याकुमारीला सुमारे २९ अंशांपर्यंत चढतो, दिल्लीला क्षितिजालगतच राहतो. उत्तरेकडे जाताना एक तारा वर येतो आणि दुसरा त्याच प्रमाणात खाली जातो. आपण वक्र पृष्ठभागावरून चालत असलो तरच असे घडते.

२.३ ग्रहणातील छाया

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री महाराष्ट्रातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. चंद्रबिंबावर सरकत जाणाऱ्या पृथ्वीच्या छायेची कड तेव्हा वर्तुळाकार होती. चंद्रग्रहण मध्यरात्री असो, उगवतीला असो वा मावळतीला, ही कड नेहमीच वर्तुळाकार असते. थाळीची छाया समोरून गोल पडते, पण थाळी तिरपी धरताच ती लांबट होते. कोणत्याही बाजूने प्रकाश टाकला तरी वर्तुळाकारच छाया देणारी वस्तू चेंडूसारखी असावी लागते.

२.४ काठीची सावली

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दिवशी मध्यान्हीचा सूर्य जवळा बाजारच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दिवसाला 'शून्य सावली दिवस' म्हणतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही तसा एक दिवस येतो. त्या वेळी बहुधा आभाळ भरलेले असते. याच रेखांशाच्या जवळ असलेल्या बंगळुरूला त्या दिवशी मध्यान्ही १ मीटर काठीची सुमारे ११ सेंटिमीटर सावली दक्षिणेकडे पडते. म्हणजे तेथे सूर्य डोक्यावरून सुमारे ६.४ अंश कललेला असतो. दोन्ही ठिकाणांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ७१५ किलोमीटर आहे. ६.४ अंशांना ७१५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिकाचे उत्तर सुमारे ४०,००० किलोमीटर येते, आणि हाच पृथ्वीचा परिघ आहे.

येथे सपाट पृथ्वीचा समर्थक एक आक्षेप घेऊ शकेल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. 'जमीन सपाट आहे आणि सूर्य जवळ, सुमारे ६,४०० किलोमीटर उंचीवर आहे असे मानले तरी या दोन सावल्या तशाच पडतील', असे तो म्हणेल. त्याचे गणित बरोबर आहे. केवळ दोन सावल्यांवरून निर्णय होत नाही. परंतु हा जवळचा सूर्य संध्याकाळी कोठे असेल ते पाहू. सूर्यास्ताच्या वेळी सूर्य आपल्यापासून सुमारे १०,००० किलोमीटर अंतरावरील प्रदेशाच्या डोक्यावर असतो. सपाट जमिनीवर ६,४०० किलोमीटर उंचीचा सूर्य तेवढ्या अंतरावर गेला, तरी आपल्याला तो क्षितिजाच्या ३२ अंश वर दिसायला हवा. त्याचे बिंबही दुपारच्या जवळजवळ निम्मे दिसायला हवे. प्रत्यक्षात सूर्य पूर्ण बिंबानिशी क्षितिजाखाली जातो. आक्षेप येथे कोसळतो.

यातून एक महत्त्वाचा मुद्दा निष्पन्न होतो. एका निरीक्षणातून अनेक अर्थ निघू शकतात. वेगवेगळ्या निरीक्षणांना एकच स्पष्टीकरण एकाच वेळी लागू पडले, की त्याचे बळ वाढते. सूर्योदय, तारे, ग्रहण आणि सावली या चारही गोष्टी गोल पृथ्वी एकत्र उलगडून दाखवते. सपाट पृथ्वीला प्रत्येकीसाठी निराळी सबब शोधावी लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) नागपूरचे रेखांश सुमारे ७९ पूर्व आहेत. जवळा बाजारच्या तुलनेत तेथे मध्यान्ह किती मिनिटे आधी होईल?
(आ) दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा आकार निश्चित का होत नाही?

३. महाराष्ट्रातील जुना वाद

पृथ्वी गोल असल्याचे ज्ञान आपल्याकडे पाश्चात्त्यांनी आणले, असा एक समज आहे. प्राचीनांना सर्व काही आधीच ठाऊक होते, असा दुसरा. हे दोन्ही समज अपुरे आहेत. येथे पृथ्वीविषयी दोन परंपरा दीर्घकाळ शेजारी नांदल्या. पुराणांतील वर्णनानुसार पृथ्वी विस्तीर्ण सपाट मंडलासारखी असून तिच्या मध्यभागी मेरू पर्वत, भोवती जंबुद्वीप आणि त्यापलीकडे एकाआड एक समुद्र व द्वीपे आहेत. सूर्य मेरूभोवती फिरतो आणि त्याच्याआड गेला की रात्र होते. ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत मात्र पृथ्वी अवकाशातील गोल आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने ती स्वतःभोवती फिरते असेही मांडले आणि ग्रहणांची कारणे छायेच्या आधारे सांगितली.

इ. स. ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणि' रचणाऱ्या भास्कराचार्यांनी गोलाध्यायात सपाट पृथ्वीच्या मताला थेट प्रश्न विचारले. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंचावरून फिरणारा सूर्य माणसांना सतत का दिसत नाही? मेरूमुळे रात्र होत असेल, तर मधला तो पर्वत का दिसत नाही? मेरू उत्तरेला आहे, मग वर्षातील काही काळ सूर्य दक्षिणेकडे झुकून कसा उगवतो? डोळ्यांना पृथ्वी सपाट का भासते, याचेही त्यांनी उत्तर दिले : वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो. आजच्या मापाने हा शंभरावा भाग सुमारे ४०० किलोमीटर भरतो. जवळा बाजारपासून मुंबईपर्यंतचे सरळ अंतर जवळपास एवढेच आहे. माणसाची नजर तर सपाट रानात चार-पाच किलोमीटरपलीकडे जात नाही. तेव्हा आपल्या डोळ्यांची चूक होत नाही. त्यांच्या वाट्याला पृथ्वीचा फारच लहान तुकडा येतो.

भास्कराचार्यांनंतर वाद मिटला असे झाले नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी गोदातीरावरील पार्थपूर येथे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीत, ज्ञानराज या ज्योतिष्याने 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ रचला. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतूनच वेगळा झाला. त्यामुळे हा ग्रंथकार या प्रदेशाला परका नाही. पृथ्वीचा गोल आकार त्याने स्वीकारला, परंतु शेष, वराह इत्यादींच्या आधाराचे पौराणिक कथनही सोडले नाही. दोन्ही परंपरांमधील विरोध मिटवण्याची त्याची धडपड होती. सतराव्या शतकात मूळचे कोपरगावचे आणि काशीत स्थायिक झालेले महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनी 'सौरपौराणिकमतसमर्थन' लिहून पुराणमताची बाजू घेतली.

मराठीच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा टप्पा एकोणिसाव्या शतकातील आहे. भोपाळजवळील सिहोर येथे लान्सलट विल्किन्सन हे इंग्रज अधिकारी शिक्षणाच्या कामात लक्ष घालीत होते. एतद्देशीयांना कोपर्निकसचे मत एकदम सांगण्याऐवजी त्यांच्याच सिद्धांतग्रंथांपासून आरंभ करावा, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या सहवासातील सुबाजी बापू या मराठी पंडितांनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहिले आणि पुराणमत, सिद्धांतमत व कोपर्निकसचे मत यांची तुलना केली. त्यावर यज्ञेश्वर शास्त्रींनी 'अविरोधप्रकाश' लिहून पुराणे आणि सिद्धांत यांत वस्तुतः विरोध नसल्याचे प्रतिपादन केले. सुबाजी बापूंनी त्यालाही उत्तर दिले. मराठी गद्य आकार घेत असतानाच त्याने एवढा अवघड विषय पेलला, ही भाषेच्या इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना आहे.

या वादातून दोन बोध घेता येतात. पहिला, पृथ्वीच्या आकाराविषयी प्रश्न विचारणे हे आपल्या परंपरेचेच अंग आहे. दुसरा, सुबाजी बापूंनी वाचकाच्या ओळखीच्या ग्रंथापासून सुरुवात केली. वाचकाचा अपमान न करता त्याला एक पायरी पुढे नेण्याची ही रीत आजही उपयोगी आहे.

४. अविश्वासाची कारणे

विज्ञानावर विश्वास नसणारा माणूस अज्ञानी असतो, असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान बहुधा चुकीचे असते. अविश्वासामागे अनेकदा खरा अनुभव असतो. अशी चार कारणे पाहू.

४.१ सक्तीचा अनुभव

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग पसरला आणि पुढील वर्षारंभी तो पुण्यात पोहोचला. पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत शिरले. माणसे, भांडी, देव्हारे यांची तपासणी झाली. रोगी वेगळे ठेवण्यामागील वैद्यकीय विचार योग्य होता; परंतु तो लोकांसमोर बुटांच्या आवाजात आला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. याच काळात वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. हडपसरजवळ यशवंतराव फुले यांनी रुग्णांवर उपचार सुरू केले. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच होता. एका बाजूला हुकूम होता, दुसऱ्या बाजूला स्वतः धोका पत्करणारी माणसे होती. लोकांच्या स्मरणात या दोहोंचे स्थान किती वेगळे आहे, हे सांगायला नको.

४.२ अंदाजाची भाषा

२०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पावसाचा अंदाज चुकल्याबद्दल हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाचे ऐकून पेरणी केली, बी-खताला पैसा घातला आणि पावसाने ओढ दिली, तर राग येणे स्वाभाविक आहे. मात्र 'सामान्य पाऊस' या शब्दाचा अर्थ येथे पाहावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात संपूर्ण देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. त्याच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला हवामान विभाग 'सामान्य' म्हणतो. हे विधान साऱ्या देशाविषयी आणि चार महिन्यांविषयी आहे. जवळा बाजारच्या शिवारात मृग नक्षत्रात किती पाऊस पडेल, याचे उत्तर त्यात नसते. शेतकऱ्याचा प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असा हा घोळ आहे. याउलट तारीखवार, ठाम अंदाज सांगणारा माणूस समाजमाध्यमांवर लगेच लोकप्रिय होतो. त्याचे बरोबर आलेले अंदाज लोक लक्षात ठेवतात. चुकलेले मोजण्याची वही कोणी ठेवीत नाही.

४.३ न मिळालेले उत्तर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तत्पूर्वी वर्षभर त्या भागात लहान धक्के आणि आवाज जाणवत होते. दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. भूकंपाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे हा नकाशा सुधारण्यात आला आणि लातूर परिसराला वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घालण्यात आले. विज्ञान आपली चूक दुरुस्त करते, हे येथे दिसते. पण ज्यांची घरे गेली त्यांच्या दृष्टीने ही दुरुस्ती उशिरा झाली, हेही मान्य केले पाहिजे.

हिंगोली जिल्ह्याला हा प्रश्न आजही जवळचा आहे. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि परिसरातील गावांत वर्षानुवर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. कमी खोलीवर खडक सरकला की निघणाऱ्या लहरी जमिनीच्या पृष्ठभागावर येऊन हवेत ध्वनी निर्माण करतात. त्यामुळे हलका धक्काही गडगडाटासारखा ऐकू येतो. आवाजाचे कारण सांगता येते. मोठा धक्का कधी बसेल, हे मात्र जगातील कोणतीही संस्था सांगू शकत नाही. म्हणून 'अमुक रात्री अमुक वाजता भूकंप होणार' असा निरोप मोबाइलवर आला, तर तो कितीही शास्त्रीय शब्दांत असला तरी खोटा समजावा. घराची भिंत मजबूत करणे, जड वस्तू उंचावर न ठेवणे आणि धक्का बसताच मोकळ्या जागी जाण्याचा मार्ग माहीत असणे, एवढे आपल्या हाती आहे.

४.४ ओळखीचा आवाज

माणूस विधानापेक्षा सांगणाऱ्याकडे आधी पाहतो. मेहुण्याने पाठवलेली चित्रफीत घरची वाटते, शासकीय पत्रक परके वाटते. त्यातच मोबाइलवर एक चित्रफीत पूर्ण पाहिली की तशाच आणखी दहा समोर येतात, आणि सगळे जग हेच म्हणत आहे असा भास निर्माण होतो. सपाट पृथ्वीच्या आधुनिक मताचा प्रसार असाच झाला. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. सॅम्युअल रोबॉथम याने १८३८ मध्ये बेडफर्ड नावाच्या सरळ कालव्यावर निरीक्षण करून पाणी सपाट असल्याचा दावा केला. पाण्यालगतच्या हवेत प्रकाशकिरण वाकतात, याचा त्याने विचार केला नव्हता.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) 'सामान्य पाऊस' या शब्दप्रयोगामुळे गैरसमज कसा होतो?
(आ) तुमच्या परिसरातील अविश्वासाचे एक उदाहरण घ्या. ते वरील चारपैकी कोणत्या कारणात बसते?

५. शंका आणि अविश्वास

शंका आणि अविश्वास या दोन शब्दांत सूक्ष्म, पण निर्णायक फरक आहे. शंका घेणारा पुराव्याची वाट पाहतो. अविश्वास बाळगणारा पुरावा आल्यावर तो आणणाऱ्यावरच संशय घेतो. हा फरक ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : 'कोणती गोष्ट दिसली, तर तुम्ही मत बदलाल?' शंकेखोराजवळ याचे उत्तर असते.

१८७० मध्ये इंग्लंडमधील जॉन हॅम्पडेन याने पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध करणाऱ्यास ५०० पौंड देण्याची पैज लावली. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती स्वीकारली. त्याच बेडफर्ड कालव्यावर त्यांनी समान उंचीच्या तीन खुणा लावल्या. दुर्बिणीतून मधली खूण इतर दोन्हींपेक्षा वर दिसली. पंचाने निकाल वॉलेस यांच्या बाजूने दिला. हॅम्पडेनने मत तर बदलले नाहीच, उलट वॉलेस यांची अनेक वर्षे बदनामी केली आणि त्यासाठी तुरुंगवासही भोगला. मत बदलण्याची अट आधीच मनापासून मान्य केलेली नसेल, तर पुराव्याला वाव राहत नाही.

योग्य चाचणी कशी असावी, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. फलज्योतिषाच्या परीक्षणासाठी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात एक प्रयोग केला. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या जमवून ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे दिली; सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणेफेक केली तरी सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर येतात. २००९ मध्ये हे निष्कर्ष 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की त्यात कोणाची टिंगल नव्हती. ज्योतिष्यांना यशस्वी होण्याची पूर्ण संधी होती. तसे झाले असते, तर प्रयोगकर्त्यांना ते छापावे लागले असते. हरण्याची तयारी दोन्ही बाजूंना असते, तेव्हाच परीक्षेला अर्थ येतो.

६. कथा आणि विधान

विज्ञान स्वीकारले म्हणजे श्रद्धा सोडावी लागेल, ही भीती अनेकांच्या मनात असते. औंढा नागनाथची एक कथा तुम्ही ऐकली असेल. संत नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागील बाजूस गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. भक्ताला कोणी मागे लोटले, तरी देव त्याच्याकडे तोंड करतो, हे या कथेचे सांगणे आहे. अपमानित माणसाला तिने शतकानुशतके धीर दिला. देवळाचा पाया तपासून हे सांगणे खरे वा खोटे ठरत नाही, कारण कथा मोजमापाविषयी बोलतच नाही.

'सर्पदंशावर मंत्राने विष उतरते' हे वाक्य मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते शरीराविषयीचे विधान आहे. त्यावर अवलंबून राहिल्यास माणूस दगावू शकतो. त्याची परीक्षा झालीच पाहिजे. साहित्याच्या विद्यार्थ्याला कथा आणि विधान यांतील हा भेद इतरांपेक्षा चांगला कळावा, कारण रूपक, प्रतीक आणि वाच्यार्थ यांचा अभ्यास तो रोज करतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. मानवतावाद आणि शोधक बुद्धी येथे एकाच वाक्यात येतात, हे अर्थपूर्ण आहे.

७. विश्वास कसा मिळतो

जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाड परिसरात काम करीत होते. लाल विंचवाच्या दंशाने तेथे अनेक रुग्ण दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. गावकऱ्यांना रक्ताभिसरणाचे शास्त्र समजावे लागले नाही. दवाखान्यात नेलेला माणूस चालत घरी येतो, हे त्यांनी पाहिले. विश्वास असा साठत जातो.

तुम्हाला घरी किंवा गावात अशी चर्चा करावी लागेल, तेव्हा पुढील क्रम उपयोगी पडेल. समोरच्याचा अनुभव आधी पूर्ण ऐकावा. त्याच्या ओळखीच्या गोष्टीपासून आरंभ करावा. पंचांग मानणाऱ्यास पंचांगातील सूर्योदय दाखवावा. जे विज्ञानाला सांगता येत नाही ते तसे स्पष्ट सांगावे. चारचौघांत हरवण्यापेक्षा एकांतात बोलावे, कारण मत बदलणाऱ्याला मान राखून परत येण्यासाठी वाट लागते. वडीलधाऱ्यांशी बोलताना तर हे पथ्य विशेष पाळावे.

सारांश

पृथ्वीच्या गोलत्वाचा पुरावा जवळा बाजारसारख्या गावातून मिळवता येतो. हा प्रश्न आपल्या परंपरेत भास्कराचार्यांपासून सुबाजी बापूंपर्यंत चर्चिला गेला. सक्ती, अंदाजाची अस्पष्ट भाषा, वेळेवर न मिळालेली उत्तरे आणि ओळखीच्या माणसावरील भिस्त यांतून विज्ञानाविषयीचा अविश्वास वाढतो. शंका पुराव्यासाठी थांबते, अविश्वास थांबत नाही. कथेचा अर्थ आणि विधानाची सत्यता यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत.

पारिभाषिक शब्द

रेखांतर : दोन ठिकाणांच्या रेखांशांतील फरक.
सिद्धांतग्रंथ : ग्रहगणिताचे मूलभूत विवेचन करणारा ज्योतिषग्रंथ.
गोलाध्याय : 'सिद्धांतशिरोमणी'तील गोल व भूगोल यांविषयीचा भाग.
शून्य सावली दिवस : मध्यान्ही उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) दोन अंशांचा फरक असल्यामुळे सुमारे ८ मिनिटे आधी. (आ) जवळचा सूर्य व सपाट जमीन मानूनही त्याच दोन सावल्या मिळतात. निर्णयासाठी सूर्यास्तासारखे आणखी निरीक्षण लागते.
२ (अ) हा शब्द देशभराच्या चार महिन्यांच्या सरासरीविषयी असतो. ऐकणारा तो आपल्या शिवाराविषयी समजतो. (आ) स्वतःच्या अनुभवाच्या आधारे लिहा.

स्वाध्याय

१. भास्कराचार्यांचे सपाट पृथ्वीविरुद्धचे प्रश्न तुमच्या शब्दांत मांडा व त्यांतील युक्तिवादाचे स्वरूप स्पष्ट करा.
२. 'अविश्वासामागे अनेकदा खरा अनुभव असतो', या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
३. कथा आणि विधान यांतील भेद एखाद्या संतचरित्रातील प्रसंगाच्या आधारे लिहा.

उपक्रम

एका महिन्यासाठी वही करा. त्यात मोबाइलवर आलेले पावसाचे, भूकंपाचे किंवा आरोग्याचे दावे तारखेसह लिहा, प्रत्येकापुढे 'कशावरून?' असा रकाना ठेवा. महिना संपल्यावर बरोबर आणि चूक निघालेल्या दाव्यांची संख्या मोजा, आणि ही वही घरातील ज्या व्यक्तीशी तुमचा सर्वाधिक मतभेद होतो तिच्यासोबत बसून वाचा.